कोड वाचता येतो, पण लिहिता येत नाही

प्रश्न : मॅडम, मी उच्च माध्यमिकला कॉम्प्युटर सायन्स घेतलंय. फळ्यावरचा प्रोग्राम समजतो, पण कोरा कागद समोर आला की पहिली ओळही सुचत नाही. बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मधला आकडा बघून नको ती निम्मी बाजू सोडत शोधायचं) अक्षरशः पाठ केला होता, तरी चाचणीत चुकला. रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं, तर डोक्यावरूनच जातं. विषय बदलू का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : या कारणासाठी तरी बदलू नकोस. पाठ केलेल्या प्रोग्राममधलं एखादं चिन्ह निसटलं, तर ते निसटलंय हे कळायला तुझ्या हाती काहीच साधन नसतं. ते साधन म्हणजे ड्राय रन : प्रोग्राम कागदावर एकेक पायरी स्वतः चालवून बघणं. मुलं ते मार्कांपुरतं करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मी शिकत असताना बायनरी सर्च लिहिला. ॲरेमध्ये, म्हणजे यादीत, ३, ७, १२, २०, ३१ असे पाच आकडे. १२ शोधून पाहिला, पहिल्याच फेरीत सापडला. खूश होऊन वही मिटली. दुसऱ्या दिवशी सरांनी ३१ शोधायला सांगितला आणि प्रोग्राम थांबेचना. सरांनी चूक दाखवली नाही, कागदावर तीन रकाने आखायला लावले : लो, हाय, मिड, म्हणजे शोधायच्या भागातल्या पहिल्या, शेवटच्या आणि मधल्या जागेचे क्रमांक. जागा शून्यापासून मोजायच्या; मिड म्हणजे लो आणि हायच्या बेरजेचं निम्मं, अपूर्णांक सोडून. पहिली ओळ ०, ४, २. दुसरी २, ४, ३. तिसरी ३, ४, ३. चौथी पुन्हा ३, ४, ३! मी 'लो = मिड' लिहिलं होतं. 'लो = मिड + १' हवं होतं, कारण मिडवरचा आकडा तपासून झालेला असतो. तो अधिक एक मला त्यानंतर कधीच पाठ करावा लागला नाही.

आणि बुद्धीचा प्रश्न मनात आणू नकोस. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीतला बायनरी सर्च लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये स्वतःच सांगितलं, की त्यांच्या कोडमध्ये सुमारे नऊ वर्षं चूक दडून होती. मिड काढताना लो आणि हायची बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली, की ती ३२ बिटांत मावत नाही आणि ऋण होते. उपाय साधा : आधी हायमधून लो वजा करायचा, त्याचं निम्मं लोमध्ये मिळवायचं.

रिकर्शनलाही हाच कागद लागतो, फक्त झाडासारखा पसरलेला. फिबोनाची मालिकेत प्रत्येक आकडा आधीच्या दोन आकड्यांची बेरीज असतो, म्हणून तिचं फंक्शन स्वतःलाच दोनदा बोलावतं. ते ५ साठी बोलावलं, तर कोण कोणाला बोलावतं ते शून्य आणि एकपर्यंत काढत जा. एकूण १५ कॉल होतील. त्यात २ साठीचा कॉल तीनदा दिसेल, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा होतंय. ३० साठी हेच कॉल २६,९२,५३७ होतात. झाड एकदा हाताने काढलंस की ते का, हे सांगावं लागणार नाही.

कोऱ्या कागदाची भीतीही अशीच कमी होते. कोड नंतर, आधी एक छोटं उदाहरण हाताने सोडव आणि आपण काय केलं ते साध्या मराठीत लिही. त्याच ओळी पुढे लूप आणि अटी होतात.

आज रात्री वरचेच पाच आकडे घे आणि यादीत नसलेला २५ शोध. लो हायच्या पुढे गेला की थांब. तुझ्या तक्त्यात तीन ओळी व्हायला हव्यात. चार झाल्या तर चौथी नीट बघ.