पुलाला सुभेदारांचं नाव द्यायचंय? आधी पूल कोणाचा ते बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गावाच्या ओढ्यावर नवा पूल झालाय. 1971 ला बांगलादेशच्या युद्धात जमालपूरच्या लढाईत असलेले तुमच्या गावचे सुभेदार मागच्या वर्षी वारले आणि त्यांचं नाव पुलाला द्यावं असं तरुण मंडळाचं म्हणणं आहे. ठराव कुठं करायचा, आणि "ते काय शहीद झाले नव्हते" म्हणणाऱ्यांना काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय. मी करवीर आणि पन्हाळा तालुक्यात ग्रामसेवक म्हणून नोकरी केली. असे चार ठराव माझ्या हातानं प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, लिहिलेत. त्यातली दोन नावं टिकली, दोन गेली.

आधी पूल कोणाच्या ताब्यात आहे ते बघा. ग्रामपंचायतीच्या रस्त्यावरचा असेल तर ग्रामसभेत विषय सुटतो. ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम खातं. शाखा अभियंत्याला विचारा, तो रस्त्याचा क्रमांकच सांगेल. दुसऱ्याच्या ताब्यातल्या पुलाबाबत ग्रामसभेचा ठराव म्हणजे फक्त शिफारस, मंजुरी वरून आणावी लागते. आमच्या एका गावात हे न बघता हौसेनं कमान उभी केली. पुढं रस्ता रुंद करताना ती पाडली. कागदावर नाव नव्हतंच, मग परत लावणार कोण?

ग्रामसभेत हा विषय 'आयत्या वेळचे विषय' यात घुसडू नका. नोटिशीत, विषयपत्रिकेवर येऊ दे. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल ती. सूचक एका गटाचा घ्या आणि अनुमोदक दुसऱ्या गटाचा. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण सत्ता बदलली तरी नाव राहतं ते यानंच. ठरावाआधी घरच्यांची लेखी संमती घ्या. डिस्चार्ज बुकची, म्हणजे निवृत्तीवेळी सैन्याकडून मिळालेल्या नोकरीच्या नोंदीच्या पुस्तकाची, झेरॉक्स काढून पद, पलटण आणि वर्षं पडताळून घ्या. काही शंका असली तर कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा.

आता शहीद असण्या-नसण्याचा मुद्दा. सैन्यदलांच्या अधिकृत कागदांत 'शहीद' हा शब्दच नाही, संरक्षण मंत्रालयानं हे वेळोवेळी स्पष्ट केलंय. 23 जानेवारी 2023 ला अंदमान-निकोबारच्या 21 बेटांना परमवीरचक्र मिळालेल्यांची नावं दिली. त्यातले बाना सिंग, योगेंद्रसिंग यादव आणि संजय कुमार तेव्हा हयात होते. देशानं जिवंत सैनिकाच्या नावानं बेट केलं, तर लढाई करून आलेल्या आणि पुढची सारी वर्षं गावात काढलेल्या माणसाचं नाव ओढ्यावरच्या पुलाला का नको? आपल्या जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. तिथं अख्ख्या गावानंच 'सैनिक' हा शब्द लावून घेतलाय, मेलेला-जगलेला असा भेद न करता.

मला या विषयाची एवढी ओढ का, तेही सांगतो. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी गावोगाव दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके जण 1914 ते 1919 च्या महायुद्धात गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढंच त्यावर असतं. आकडे आहेत, नाव एकाचंही नाही. आपल्या भागात अशी पाटी बघितली की मी उभा राहतो आणि दर वेळी तेच मनात येतं, की या आकड्यांतला एक तरी माणूस कोण होता हे सांगणारं आता कोणी उरलं नाही.

म्हणून पाटीवरच्या मजकुराला वेळ द्या. आम्ही एका हवालदारांच्या नावाची पाटी करत होतो तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "नंबर पण घाला." आजींना लिहिता येत नव्हतं, पण नवऱ्याचा आर्मी नंबर त्यांनी एका दमात म्हणून दाखवला. मग नाव, पद, नंबर, मराठा लाइट इन्फंट्री, कुठली लढाई आणि कुठलं गाव, एवढं काळ्या दगडात कोरून पुलाच्या कठड्यात बसवलं. 2019 आणि 2021 असे दोन महापूर त्या पुलावरून गेले. दगड तिथंच आहे. दुसऱ्या गावात डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा फलक, लावला होता. त्यावर पुढाऱ्यांचे फोटो हातभर आणि जवानाचं नाव खाली एका ओळीत. पहिल्याच पावसात फाटला. त्या जवानाची आई उद्घाटनाला पुढच्या खुर्चीवर बसली होती, ते आठवलं की अजून लाज वाटते. तुमच्या पाटीवर सुभेदारांच्या नावाशिवाय दुसरं कुणाचंही नाव नको, सरपंचांचंसुद्धा नको. उद्घाटनाची पाटी हवीच असेल तर ती वेगळी, लांब लावा.

नाव आटोपशीर ठेवा. ताराराणी चौकाला आजही निम्मं कोल्हापूर कावळा नाकाच म्हणतं, आणि सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे आपल्याच पोरांना सांगावं लागतं. पुण्यात जनरल थिमय्या रोड म्हटलं तर रिक्षावाला विचारतो, "ईस्ट स्ट्रीट का?" पद आणि आडनाव, एवढ्यावर भागवा. पूर्ण नाव दगडावर असेलच. पुलाजवळ एसटी थांबत असेल तर आगारात अर्ज देऊन थांब्यालाही तेच नाव मागा. कंडक्टर रोज ते नाव घेऊन हाक मारायला लागला की लोकांच्या तोंडात बसतं.

शाखा अभियंत्याकडून रस्त्याचा क्रमांक मिळाला की इथंच कळवा. ठरावाचा मसुदा मी लिहून देतो. सुभेदारांचा नंबर मात्र घरच्यांनाच विचारा.