आर्पांचे एकर करताना

जमिनीच्या जुन्या दस्तऐवजांतले आर्पां (जमीन मोजायचं जुनं फ्रेंच माप) एकरात बदलायला घेतलेत, सुरुवात चांगली केलीत. कॅल्क्युलेटर उघडण्याआधी एवढं पाहा:

- दस्तऐवज कुठला? कॅनडातल्या क्यूबेकमध्ये आणि अमेरिकेतल्या लुइझियानात सहसा पॅरिसचा आर्पां, म्हणजे सुमारे ०.८४५ एकर. पण फ्रान्समधल्या जंगलखात्याचा आर्पां जवळपास १.२६ एकर. नाव तेच!
- फूट कोणता? इथे बहुतेक सगळे फसतात, मीही फसलो. पॅरिसचा आर्पां ३२,४०० चौरस फूट असं वाचलं आणि ४३,५६० ने (एका एकरातले इंग्रजी चौरस फूट) भागून ०.७४ एकर काढलं. पण ते फ्रेंच राजाचे फूट. तो एक फूट इंग्रजी पावणेतेरा इंचांहून किंचित मोठा.
- आर्पां लांबीचाही असतो, सुमारे १९२ इंग्रजी फुटांचा. नदीकाठी ‘३ आर्पां रुंद, ४० खोल’ (खोल म्हणजे नदीपासून आत) दिसलं की आधी गुणाकार: १२० चौरस आर्पां, म्हणजे साधारण १०१ एकर.

एकर आपल्या ओळखीचाच, ४० गुंठ्यांचा. घोळ सगळा फ्रेंच बाजूला. म्हणून आधी मीटरमध्ये जा (पॅरिसचा आर्पां ३,४१९ चौरस मीटर), मग एकरात. मूळ आकडा मात्र खोडू नका, शेजारीच लिहून ठेवा. बाकीचे प्रांतोप्रांतीचे आर्पां सध्या राहू द्या. पहिले दोन-तीन दस्तऐवज जमले की इथे टाका, बघू.