वास्कोची लेक, मडगावची सून

प्रश्न : आमच्या कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांची फुटबॉलच्या सामन्यात गाठ पडली की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. पेठापेठांत ईर्षा पेटते. तरी आमचा एकही संघ देशाच्या वरच्या लीगमध्ये दिसला नाही. तुमच्या एवढ्याशा गोव्यातले संघ मात्र एके काळी वर्षामागून वर्षं देश जिंकत होते. मग तेही दिसेनासे झाले. हे कसं घडलं?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या पत्रातला 'ईर्षा' हा शब्द वाचला आणि मी पत्र बाजूला ठेवून थोडा वेळ तशीच बसून राहिले. माझं अर्धं आयुष्य त्या एका शब्दाभोवती गेलंय.

मी वास्कोची. बाबा मुरगाव बंदरात कामाला होते. खनिजाची लाल धूळ त्यांच्या शर्टाच्या कॉलरमधून कधी गेली नाही. आई दगडावर घासून घासून दमायची. रविवारी ते मला टिळक मैदानावर न्यायचे. हातात चण्याची पुडी आणि समोर हिरव्या जर्सीतला साळगावकर. आमच्या घरात दुसरा संघच नव्हता. 1988 आणि 1989, अशी लागोपाठ दोन वर्षं साळगावकरने देशभरच्या संघांचा फेडरेशन कप जिंकला. गोव्याच्या संघाने तो कप पहिल्यांदाच आणला होता. तोवर माझं लग्न होऊन मी मडगावला आले होते. वास्को ते मडगाव जेमतेम तीस किलोमीटर, पण सासरी साळगावकरचं नाव कुणी आपुलकीने घेत नसे. पुढे मडगावजवळच्या वार्क्याच्या चर्चिल ब्रदर्सनी जोर धरला, तेव्हा दीर आणि यजमान दोघेही त्यांच्या लाल जर्सीचे झाले. सामन्याच्या दिवशी आमच्या घरात जेवताना कुणी फुटबॉल काढायचा नाही, असा सासूबाईंचा नियम होता आणि तो पाळलाही जायचा.

1999 मध्ये साळगावकर राष्ट्रीय लीगचा विजेता झाला. गोव्यात ही लीग पहिल्यांदा आली ती वास्कोला. त्या रात्री मी माहेरी फोन केला. बाबांनी उचलला, पण त्यांच्याने बोलवेना. फोन तसाच हातात धरून ते उभे होते, हे मला आईने नंतर सांगितलं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला कुठे मिळालं ते सांगते. एप्रिल 2002, मडगावचं फातोर्डा स्टेडियम. लीगचा शेवटचा सामना, चर्चिल विरुद्ध मोहन बागान. चर्चिलला नुसती बरोबरी पुरत होती. यजमानांनी माझंही तिकीट काढलं होतं. मी वास्कोची असून त्या दिवशी लाल रुमाल घेऊन बसले, कारण समोर कोलकाता होतं. बागानने एक गोल घातला आणि कप घेऊन गेले. बाहेर पडताना पायऱ्यांवर माझ्याच बँकेतले वास्कोचे दोघे भेटले. साळगावकरवर जीव टाकणारी ती माणसं चर्चिलसाठी रडत होती. त्या दिवशी मला कळलं की वास्को-मडगावचं वैर आणि गोव्याची माया ही एकाच घरातली दोन भांडी आहेत.

आणि वैर होतं म्हणूनच संघ तयार झाले, असं माझं ठाम मत आहे. पणजीकडचा धेंपो, वास्कोचा साळगावकर, मडगावकडच्या सासष्टीचा चर्चिल, शिवाय स्पोर्टिंग क्लब द गोवा. राष्ट्रीय लीगचीच पुढे आय-लीग झाली; तिच्यात 2011-12 ला चौदा संघ होते, त्यातले चार गोव्याचे. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला त्या मोसमात घरच्या वैऱ्यांशी सहा सामने, आणि गोव्याची स्वतःची प्रोफेशनल लीग वेगळीच. एका तासाच्या अंतरावर असे वैरी असले की वर्षभर ढिलं पडायला सवडच मिळत नाही. कोलकात्याला सामना असेल तर आमची मुलं घाबरत नसत. त्यांचा त्याहून कठीण सामना मागच्याच आठवड्यात झालेला असायचा.

धेंपोचंच बघा. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. संघात क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा ही घरची मुलं, आणि पुढे गोल घालायला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. हाच संघ वर्षानुवर्षं एकत्र राहिला. 2004-05 ला धेंपो पहिला, स्पोर्टिंग दुसरा. पुढच्या वर्षी मुंबईच्या महिंद्र युनायटेडने लीग जिंकली. आणि मग 2006-07 पासून 2012-13 पर्यंत सलग सात वर्षं विजेता गोव्याचाच : धेंपो चार वेळा, चर्चिल दोनदा, साळगावकर एकदा. साळगावकरने 2011 ला लीग जिंकली आणि त्याच वर्षी कोलकात्यात ईस्ट बंगालला हरवून फेडरेशन कपही आणला. बाबा तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या फोटोला मी हार घातला तो हिरव्या पानांचा.

पण नुसत्या ईर्षेवर संघ चालत नाही, पैसा लागतो. आमच्याकडे तो जमिनीतून आला. धेंपो आणि साळगावकर ही खाणींवर मोठी झालेली घराणी. ज्या खनिजाने बाबांची कॉलर लाल झाली, त्याच खनिजाने आमचा संघ उभा राहिला. तुमच्या तालमींचे संघ वर्गणीवर, देणगीवर आणि पेठेतल्या दानशूरांवर चालतात, आणि त्यांचे वैरीही त्याच शहरात राहतात. त्या ईर्षेत प्रेम आमच्यापेक्षा कणभर कमी नाही. पण संघ शहराबाहेर जाऊन रोज मार खाऊन शिकावा, अशी गरज तिथे पडली नाही. मला वाटतं, फरक इथे आहे. अनिकेत जाधव कोल्हापुरातून निघून 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मुलं आहेतच तुमच्याकडे. त्यांना बाहेर पडावं लागतं.

दिसेनासे का झाले? लोक एका वाक्यात सांगतात, खाणी बंद पडल्या. 2012 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खाणी थांबल्या हे खरं, आणि त्याचा फटका साऱ्या गोव्याला बसला. पण त्याच मोसमात चर्चिल लीग जिंकला, आणि 2014 च्या जानेवारीत कोचीला झालेला फेडरेशन कपचा अंतिम सामना चर्चिल आणि स्पोर्टिंग यांच्यातच झाला. कोचीत, आणि दोन्ही संघ गोव्याचे! तेव्हा सगळा दोष खाणींवर टाकणं मला पटत नाही.

खरा घाव 2014 नंतरचा. इंडियन सुपर लीग आली आणि गोव्याला एक संघ मिळाला, एफसी गोवा. पुढे 2016 मध्ये फुटबॉल महासंघाने आराखडा मांडला : सुपर लीग वर, आय-लीग खाली, आणि खालच्याने कितीही जिंकलं तरी वर जायची वाट नाही. धेंपो त्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून आय-लीगमध्ये परतला होता. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग, तिघांनीही राष्ट्रीय लीग सोडली. ज्या शिडीला वरची पायरीच नाही, ती शिडी दर वर्षी कोट्यवधी खर्चून कोण चढेल? मला त्यांचा राग आला नाही. वाईट वाटलं ते टिळक मैदानाच्या त्या सिमेंटच्या पायऱ्यांचं.

---

प्रश्न : आमचा जन्म गोव्याचा, पण नोकरीमुळे तीस वर्षं ठाण्यात आहोत. एफसी गोवाला 'आपला' म्हणावं का? जुने लोक म्हणतात, तो कंपनीने बनवलेला संघ.
(एक वाचिका, ठाणे)

उत्तर : म्हणा, बिनधास्त म्हणा. मीही म्हणते, पण मला वेळ लागला. 2015 च्या डिसेंबरात फातोर्ड्यावर सुपर लीगचा अंतिम सामना होता. शेवटच्या मिनिटांपर्यंत 2-1 ने पुढे असलेला एफसी गोवा चेन्नईयनकडून 3-2 ने हरला, तेव्हा माझी सून हुंदके देत होती आणि मी कोरडी बसले होते. मला त्याचीच लाज वाटली. नंतर हळूहळू रुजलं. 2019 आणि 2025 चा सुपर कप, 2021 चा ड्युरंड कप. भारतातला कोणताही क्लब आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोचला नव्हता; 2021 मध्ये एफसी गोवा पोचला. 2025 च्या ऑक्टोबरात सौदीचा अल-नस्र फातोर्ड्याला येऊन 2-1 ने जिंकून गेला, पण गोव्याचा एकुलता गोल घातला तो ब्रायसन फर्नांडिसने. घरच्या मुलाने. त्या गोलाला मी खुर्चीतून उठले, गुडघे दुखत असताना.

आज भगव्या-नारिंगी जर्सीत वास्को, मडगाव, म्हापसा, पेडणे सगळे एकाच पायरीवर बसतात. हे चांगलंच आहे. पण नातू मला विचारतो, "आजी, आपण कुणाच्या विरुद्ध?" तेव्हा मी केरळ, बंगळूर अशी दूरची नावं घेते, आणि त्याच्या डोळ्यांत काही हलत नाही. माझ्या वेळी वैरी म्हणजे शेजारच्या टेबलावर बसणारा कारकून होता.

जुने संघ मेले असं मात्र समजू नका. धेंपो 2024-25 मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये आला. त्याच मोसमात चर्चिल गुणतक्त्यात पहिला राहिला, महासंघाच्या अपील समितीने विजेता म्हणून नावही जाहीर केलं, आणि जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने विजेतेपद इंटर काशी या संघाला दिलं. नियमाची बाजू लवादाने पाहिली असेल. आमच्या घरात मात्र त्या दिवशी 2002 सारखी शांतता होती. दीर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, ते जेवायला उठले नाहीत.

---

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, फुटबॉलवेडा आहे. अकादमीत घालावं का? अभ्यासाचं काय होईल?
(एक आई, फोंडा)

उत्तर : घाला. सेझा फुटबॉल अकादमी 1999 पासून मुलं घडवते आहे, जुन्या गोव्याजवळ एल्ला इथे धेंपोचं मैदान आहे, साळगावकरनेही राष्ट्रीय लीग सोडल्यावर लहान मुलांकडे लक्ष दिलं. निवड चाचणी कधी असते ते स्वतः जाऊन विचारा, मैदानावर एक संध्याकाळ उभ्या राहा आणि प्रशिक्षक हरलेल्या मुलाशी कसा बोलतो ते बघा. मी माझ्या मुलाच्या वेळी हे केलं नाही. एका ठिकाणी त्याला दोन वर्षं नुसतं बाकावर बसवलं, आणि आम्हाला कळलं तेव्हा त्याने बूट माळ्यावर टाकले होते.

अभ्यासाबद्दल : सरावाच्या दिवशी त्याला रात्री साडेआठला जेवायला घाला आणि झोपू द्या. पुस्तक पहाटे उघडू दे. आणि शक्य असेल तर आधी गावच्या संघातून खेळू द्या. पादरी विल्यम लायन्स यांनी 1883 मध्ये शिवोलीत पहिला बॉल आणला, तेव्हापासून गोव्यात फुटबॉल गावाच्या मैदानातच शिकला जातो. पावसाळा संपला की आंतरगाव स्पर्धा सुरू होतात. तिथे त्याला शेजारच्या गावची मुलं पाडतील, गुडघे फुटतील, तो घरी येऊन त्यांची नावं घेऊन चरफडेल. त्याला चरफडू द्या, आणि पुढच्या सामन्याला तुम्ही स्वतः जा. चण्याची पुडी न्यायला विसरू नका.