ऑफिसमध्ये भेदभाव होतोय पण लेखी पुरावा काहीच नाही, कायद्याने काही करता येतं का?

तुम्ही लिहिलंय की बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यापासून हातातला मोठा क्लायंट काढून घेतला, तुमच्याच हाताखाली काम शिकलेल्या मुलाला प्रमोशन मिळालं, आणि विचारायला गेलात की साहेब 'बिझनेसची गरज' एवढंच म्हणतात. कुणी तोंडावर वावगं बोललेलं नाही, मेल नाही, रेकॉर्डिंग नाही, मग सिद्ध काय करणार. मी बरीच वर्षं नोकरीच्या वादांमध्ये कर्मचाऱ्यांच्या बाजूने कागदपत्रं लावायचं काम करतेय, आणि येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस हेच म्हणतो की माझ्याकडे पुरावा नाही. बहुतेक वेळा असतो हो. साहेबांच्या मनात काय होतं ते सापडलं पाहिजे असं लोकांना वाटत असतं, ते कुणाच्याच हाती लागत नाही आणि लागायची गरजही नसते.

प्रश्न असा असतो की तुमच्याशी आणि तुमच्यासारख्याच दुसऱ्याशी वागण्यात फरक पडला का, आणि त्या फरकाचं जे कारण कंपनी देते ते तिच्याच कागदांसमोर टिकतं का. एक केस सांगते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. एका बाईंची सलग काही वर्षांची अप्रेझल्स आम्ही टेबलावर तारखेप्रमाणे मांडली. प्रत्येकात रेटिंग चांगलं, 'क्लायंट हँडलिंग उत्तम' हे वाक्य तर कॉपी-पेस्ट केल्यासारखं परत परत आलेलं. मग त्यांनी प्रेग्नंट असल्याचं कळवल्याचा मेल, आणि त्यानंतरच्या अप्रेझलमध्ये, साहेब तेच, काम तेच, क्लायंटही तोच, 'क्लायंटशी संवाद कमी पडतो'. मधल्या काळात एकही तक्रार नाही, वॉर्निंग नाही. त्या बाईंना हे कागद म्हणजे पुरावा आहे असं वाटतच नव्हतं, त्या घरी फाइलमध्ये नुसते पडून होते.

कोर्टांनी हे कसं बघितलंय त्याची आपल्याकडची जुनी केस म्हणजे मॅकिनॉन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा, सुप्रीम कोर्ट, १९८७. स्टेनोग्राफर बायकांना त्याच कामाला पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा कमी पगार होता. कंपनीचं म्हणणं की या बायका मोठ्या साहेबांशी जोडलेल्या, त्यांचा गटच वेगळा, शिवाय युनियनशी करार झालेला आहे आणि एवढा पगार परवडणारही नाही. कोर्टाने यातलं काहीच मान्य केलं नाही, हुद्द्याला नाव काय दिलंय ते सोडून प्रत्यक्ष काम काय करतात ते बघितलं, आणि पैशाची अडचण ही कायदा न पाळायची सबब होऊ शकत नाही असं सांगितलं. 'बिझनेसची गरज' ऐकून गप्प बसलेल्या प्रत्येकाला मी ही केस सांगते.

अमेरिकेतली ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर ही १९७१ ची केस तर याहून पुढे गेली. तिथे ज्या डिपार्टमेंटमध्ये पगार चांगला त्यात जायला हायस्कूलचं सर्टिफिकेट आणि चाचण्या पास होणं अशी अट होती, अट सगळ्यांना सारखीच, पण तिच्यामुळे कृष्णवर्णीय कामगार मोठ्या प्रमाणात बाहेर राहत होते, आणि अट यायच्या आधीपासून तिथे असलेले गोरे लोक सर्टिफिकेट नसताना काम व्यवस्थित करत होते. म्हणजे त्या कामाला अटीची गरजच नव्हती. कोर्टाने एकमताने सांगितलं की हेतू वाईट नसला तरी चालणार नाही, परिणाम काय होतोय आणि त्या अटीचा कामाशी खरंच संबंध आहे का ते बघणार. तुमच्या ऑफिसमध्ये 'गेल्या वर्षभरात सलग हजेरी' असा काही प्रमोशनचा नियम असेल ना, तर त्याच्याकडे याच नजरेने बघा, दिसायला सगळ्यांना सारखा पण सापडणार कोण तर जी रजेवर होती ती.

तुम्ही कुठे नोकरी करता ते लिहिलं नाहीये, त्यामुळे दोन्ही सांगते. ब्रिटनमध्ये २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट आहे, त्यात वय, अपंगत्व, वंश, धर्म, लिंग, गरोदरपण-मातृत्व वगैरे नऊ गोष्टींवरून भेदभाव करायला मनाई आहे, आणि कर्मचाऱ्याने प्रथमदर्शनी भेदभाव वाटेल एवढं दाखवलं की तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर जाते, हे कायद्यातच लिहिलंय. भारतात खासगी नोकरीसाठी असा सगळं एकत्र असलेला एक कायदा नाही, आणि मला ही खूप मोठी उणीव वाटते, कारण संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे आणि खासगी कंपनीतल्या माणसाला तुकड्यातुकड्यांनी संरक्षण शोधावं लागतं. तरी तुकडे बरेच आहेत. समान कामाला समान वेतन आणि भरतीत लिंगावरून भेदभाव नको हे आधी १९७६ च्या कायद्यात होतं, ते आता वेतन संहितेत आलंय, ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. मातृत्वाच्या रजेवर असताना काढून टाकणं किंवा नोकरीच्या अटी बाईच्या तोट्याच्या होतील अशा बदलणं बेकायदा आहे, हे आधी १९६१ च्या कायद्यात होतं आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा, अपंगांसाठी २०१६ चा, एचआयव्ही असलेल्यांसाठी २०१७ चा, ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी २०१९ चा.

आणि तुम्ही महाराष्ट्रात असाल तर दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ नक्की बघा, वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना तो लागू होतो (२०२५ च्या दुरुस्तीआधी ही संख्या दहा होती) आणि त्यात महिला कामगाराशी भरती, ट्रेनिंग, बदली, प्रमोशन आणि वेतन यात भेदभाव करायचा नाही असं स्पष्ट आहे. या कायद्याचं नाव ऐकलं की लोकांना दुकानाची वेळ आणि लायसन्स एवढंच आठवतं, पण ऑफिसंही त्यात येतात. मात्र मॅनेजर किंवा सुपरवायझर दर्जाच्या पदांना त्यातून सूट आहे, त्यामुळे तुमचं अपॉइंटमेंट लेटर आणि प्रत्यक्ष काम दोन्ही वकिलाला दाखवा, नुसत्या डेसिग्नेशनवरून ठरवू नका.

आता मुदतीचं, आणि हे मी कळकळीने सांगतेय कारण इथे लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. लिली लेडबेटर नावाच्या बाई अमेरिकेत एका टायर कारखान्यात सुपरवायझर होत्या, जवळजवळ दोन दशकं नोकरी केली, आणि शेवटी शेवटी कुणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली तेव्हा कळलं की त्याच कामाला पुरुषांना जास्त पगार आहे. ज्यूरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की पगार ठरवल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती. २००९ मध्ये त्यांच्या नावाने कायदा बदलला, त्यांना स्वतःला मात्र त्या फरकाचे पैसे मिळालेच नाहीत. आपल्याकडेही लैंगिक छळाच्या तक्रारीला घटनेपासून तीन महिने आहेत, कारण पटलं तर समिती आणखी तीन वाढवून देऊ शकते. तेव्हा 'पुढचं अप्रेझल बघते मग ठरवते' असं करू नका, तुमच्या बाबतीत कुठली मुदत कधीपासून मोजली जाते हे या आठवड्यातच विचारून घ्या.

तक्रार केल्यावर त्रास दिला तर काय, ही भीती खरी आहे. अमेरिकेतल्या सरकारी आयोगाकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये तक्रार केली म्हणून सूड घेतल्याचा आरोप सगळ्यात जास्त वेळा असतो. पण तिथे तो सूड हीच स्वतंत्र बेकायदा गोष्ट धरतात, मूळ भेदभाव सिद्ध झाला नाही तरीही. म्हणूनच तोंडी तक्रारीला काही अर्थ नाही, तुम्ही कधी बोललात याची तारीख कागदावर असली तरच त्यानंतर जे झालं ते त्याला जोडता येतं.

करायचं काय तर आधी तारखांची यादी बनवा, रजेचा अर्ज, परत रुजू झाल्याचा मेल, क्लायंट काढला तो दिवस, प्रमोशनची घोषणा. स्वतःची अप्रेझल्स, पगाराच्या स्लिपा, एचआर पॉलिसी यांच्या प्रती ठेवा, पण क्लायंटचा गोपनीय डेटा स्वतःच्या मेलवर पाठवू नका, तेच कारण दाखवून कंपनी तुम्हाला काढू शकते. मग एचआरला एक छोटा मेल, त्यात 'अन्याय', 'राजकारण' असले शब्द नकोत, सरळ विचारा की अमुक तारखेला माझ्याकडून हे काम काढलं आणि अमुक तारखेला प्रमोशन दुसऱ्याला दिलं, यासाठी कुठले निकष लावले आणि त्यात मी कुठे कमी पडले ते लेखी कळवावं, हे रजेवरून परतल्यावरच घडल्यामुळे मातृत्वावरून भेदभाव झाल्याची माझी तक्रार आहे. त्यांनी कारण दिलं तर ते तुमच्या जुन्या अप्रेझलशी ताडून बघता येईल, आणि तेव्हा दिलेलं कारण नंतर कोर्टात बदललं तर ते त्यांच्यावरच उलटतं. उत्तर नाही आलं तर आठवड्याने त्याच मेलखाली आठवण करून द्या. राजीनामा मात्र वकिलाला भेटल्याशिवाय देऊ नका, कितीही नकोसं झालं तरी.