थर्मामीटर नव्हते, मग हजारो वर्षांपूर्वीच्या समुद्राचं तापमान कसं कळतं?

तळाच्या गाळातल्या कवचांवरून. फोरामिनिफेरा हे एकपेशीय जीव कॅल्शियम कार्बोनेटचं कवच बांधतात. मेले की ते तळाशी जाऊन थरांत साचतं. आकार रव्याच्या दाण्याएवढा, बऱ्याचदा त्याहून बारीक. पुण्यात भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला असताना ती मी सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने निवडली आहेत, तांदूळ निवडावेत तशी. मान पार मोडते!

कवच बनताना कॅल्शियमच्या जागी थोडं मॅग्नेशियम शिरतं. पाणी जितकं गरम तितकं जास्त, अंशामागे साधारण ९ टक्के.

जुनी पद्धत ऑक्सिजनची. कल्पना हॅरॉल्ड यूरी यांची, १९४७ ची. १९५५ मध्ये चेझारे एमिलियानींनी ती खोल समुद्रातल्या गाळाला लावली. थंड पाण्यात बनलेल्या कवचात जड ऑक्सिजन-१८ जास्त असतो. पण गोम अशी की हिमयुगात हलका ऑक्सिजन बर्फात अडकतो आणि अख्खा समुद्रच 'जड' होतो. मग आकडा थंडीचा की बर्फाचा? म्हणून आता त्याच कवचांत दोन्ही मोजतात: मॅग्नेशियमवरून तापमान काढायचं, ऑक्सिजनच्या आकड्यातून ते वजा करायचं. उरतं त्यात बर्फ आणि पाण्याचा खारेपणा. मान्सूनवाल्यांना खरा रस या खारेपणातच, कारण बंगालच्या उपसागरात नद्यांचं गोडं पाणी किती आलं ते त्यातून दिसतं.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. सगळी कवचं एकाच जातीची हवीत. पृष्ठभागाजवळ राहणारी आणि खोलवर राहणारी जात मिसळली की उत्तर दोन्हीकडचं नाही.