ब्रेकचे पेडल हळूहळू खाली का जाते?

प्रश्न : माझी गाडी बारा वर्षांची आहे. सिग्नलला ब्रेक दाबून थांबल्यावर पेडल हळूहळू खाली जाते. मात्र ब्रेक ऑइल कोठेही गळत नाही आणि डबीतील पातळीही घटत नाही. दोष कशात असावा? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण सांगितलेली लक्षणे पाहता मास्टर सिलिंडरमधील (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलवर दाब निर्माण करणाऱ्या भागातील) रबरी सील झिजले असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. असे सील दाब धरून ठेवू शकत नाहीत; ऑइल त्यांना ओलांडून सिलिंडरच्या आतच मागे सरकते, म्हणून बाहेर एक थेंबही दिसत नाही. कृपया दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नका, घाटात तर मुळीच नाही.

केवळ सील बदलणे स्वस्त पडते, परंतु सिलिंडरच्या आतील भिंतीवर ओरखडे किंवा गंज असल्यास नवे सीलही लवकरच फाटतात. इतक्या जुन्या गाडीत मी संपूर्ण सिलिंडरच बदलेन. नवा सिलिंडर बसवण्यापूर्वी तो शिकंज्यात (व्हाइसमध्ये) धरून, ऑइल भरून, पिस्टन सावकाश दाबत त्यातील हवा काढावी आणि नंतर चारही चाकांच्या ब्रेकमधील हवा काढावी. हे पहिले काम अनेकदा टाळले जाते आणि पेडल स्पंजासारखे लागते.

डॉट ४ या प्रकारचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंश आहे. कोकणातील दमट हवेत ते दर दोन वर्षांनी बदलावे. रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.