‘आता पुरे’ म्हणणाऱ्याला काय द्यायचं

प्रिय,

प्रभूच्या नावात सलाम.

इच्छामरणाच्या कायद्याविरुद्ध मंडळीच्या तरुण संघात तू बोलणार, हे वाचून बरं वाटलं. ‘जीव देणारा देव, घेणाराही देवच’ या वाक्याने सुरुवात करायचा तुझा बेत आहे. वाक्य खरं आहे, पण ते शेवटी येऊ दे. समोर बसलेल्यांत कुणाची आई तोंडाच्या कॅन्सरने रात्र रात्र विव्हळत असेल. तिच्या मुलाला ते वाक्य ‘तुझ्या आईने सोसावं’ असंच ऐकू येईल, आणि पुढचं काहीच त्याच्या कानांत शिरणार नाही. आधी दुखणं, मग कायदा, मग पवित्र शास्त्र, या क्रमाने जा.

त्याच्याही आधी शब्द नीट लावून घे. ‘इच्छामरण’ म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतात. डॉक्टरने जीव घेणारं इंजेक्शन देणं, ही एक. डॉक्टरने तसं औषध लिहून देणं आणि रोग्याने ते स्वतःच्या हाताने घेणं, ही दुसरी. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून ही पद्धत कायद्याने चालते. आणि ज्या उपचाराचा आता उपयोग नाही तो थांबवणं, व्हेंटिलेटर काढणं, आणखी एक किमो नको म्हणणं, ही तिसरी. आपला विरोध पहिल्या दोन्हींना आहे. तिसरीला कायद्याच्या भाषेत ‘निष्क्रिय दयामरण’ हे नाव चिकटलंय आणि त्या नावाने फार घोटाळा केला आहे. बारावे पायस पोप यांनी १९५७ सालीच डॉक्टरांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या: असाधारण उपाय करत राहायचं बंधन नाही, आणि हेतू दुखणं शमवण्याचाच असेल, तर त्या औषधाने आयुष्य थोडं कमी होण्याचा धोका असला तरी ते देता येतं. तेव्हा व्हेंटिलेटर काढणं म्हणजे खून, असं बोलून बसू नकोस. आयसीयूच्या दाराशी ज्यांनी आपल्या बापासाठी तो निर्णय घेतलाय, त्यांच्यावर तू नाहक ओझं टाकशील.

आता दुखणं. कॅन्सरच्या बहुतेक वेदना आटोक्यात येतात, आणि त्यासाठी मुख्य औषध आहे तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी. ती कशी देतात हे तुला माहीत असायलाच हवं, कारण ‘मॉर्फिन म्हणजे शेवटची सुई’ ही समजूत डॉक्टरांतही आहे. साधारणपणे ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात, फार म्हाताऱ्या माणसाला त्याच्या निम्मी. दर चार तासांनी, घड्याळ लावून: सकाळी सहा, दहा, दोन, सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. मधेच कळ आली तर दिवसभराच्या एकूण मात्रेचा सहावा भाग जादा. पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत, कारण बद्धकोष्ठता होतेच होते. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ, मग ती उतरते. मूत्रपिंड अधू असेल तर औषध अंगात साचतं, हातपाय झटके देतात, माणूस बरळतो. तिथे मात्रा आणि अंतर डॉक्टरनेच बदलायचं. चुकतं कुठे? ‘दुखलं तर द्या’ असं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. मग दुखणं वर चढून बसतं, गोळी त्याच्यामागे धावते, आणि घरचे म्हणतात की मॉर्फिननेही काही झालं नाही.

ही गोळी मिळत का नाही, तेही सांग. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने इतके परवाने मागितले की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थेसाठी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच परवानगी पुरेशी केली. तरीही तालुक्याच्या गावी ती सहज मिळत नाही. मरण मागण्याचा हक्क द्यायला निघालेल्यांना हा पहिला प्रश्न विचार: गोळी न पोचलेल्या गावात इंजेक्शन आधी पोचवायचं का?

वेदना हेच मरण मागण्याचं पहिलं कारण असतं, असं तुला वाटत असेल. ओरेगॉनच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षं वरची कारणं हीच असतात: स्वतःवरचा ताबा सुटणं, आवडीची कामं न जमणं, सन्मान जाणं. वेदना किंवा तिची भीती बरीच खाली. कॅनडाच्या २०२३ च्या अहवालात जवळपास निम्म्या लोकांनी ‘घरच्यांवर भार होतोय’ हेही एक कारण दिलेलं आहे. आपल्याकडे हे वाक्य परक्याचं वाटणारच नाही. ‘आता देवाने न्यावं, पोरांना किती त्रास’, हे प्रत्येक आळीतली आजी म्हणते. तिला उत्तर हवं असतं ते ‘कसला त्रास, तू हवीस आम्हाला’ हे. कायदा झाला की त्याच वाक्याला अर्जाचा नमुना उत्तर म्हणून मिळतो, आणि अर्ज समोर असताना जगायचं ठरवणं ही तिने घरच्यांना समजावून सांगायची गोष्ट होऊन बसते. माझ्या मते कायद्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे. बाकीचे सगळे याच्या आधाराने मांड.

कॅनडाचा क्रम तारखांसह पाठ कर. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. जून २०१६ चा कायदा फक्त ‘ज्यांचा नैसर्गिक मृत्यू नजरेच्या टप्प्यात आहे’ अशांसाठी होता; दोन साक्षीदार आणि दहा दिवसांची वाट पाहणं सक्तीचं होतं. मार्च २०२१ मध्ये मृत्यू जवळ असण्याची अट गेली, मृत्यू जवळ असलेल्यांसाठी दहा दिवस थांबायची सक्तीही गेली, साक्षीदार एकच उरला आणि तो पगारी शुश्रूषा करणाराही चालू लागला. केवळ मानसिक आजार असलेल्यांनाही दार उघडायचं ठरलं. ते पुढे ढकलत मार्च २०२७ वर नेलंय. २०१६ मध्ये हजाराच्या आसपास माणसं या मार्गाने गेली, २०२३ मध्ये १५,३४३, म्हणजे त्या देशातल्या दर शंभर मृत्यूंमागे जवळपास पाच. प्रामाणिकपणे हेही सांग की त्यातली बहुसंख्य माणसं मरणाच्या जवळ आलेलीच होती; ते लपवलंस तर कुणीतरी उठून दाखवेल. मुद्दा असा की पाच वर्षांच्या आत कुंपणाच्या काठ्या निघाल्या, आणि त्यातली सगळ्यात मोठी, मृत्यू जवळ असण्याची अट, ‘हा भेदभाव आहे’ असं म्हणतच काढली गेली. एकाला दयेपोटी दिलेलं दुसऱ्याला नाकारायला कारणच उरत नाही. बेल्जियमने २००२ चा कायदा २०१४ मध्ये मुलांपर्यंत नेला, तो याच तर्काने.

‘आपण कडक नियम करू’ असं कुणी म्हणेल. तेव्हा घरचं उदाहरण दे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये, कायदा केला तो महाराष्ट्राने. १९९४ मध्ये देशाचा कायदा आला. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला एफ फॉर्म भरायचा, सही, शिक्का, नोंदवही, सगळं बसवलं. तरी महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ होतं, ते २०११ मध्ये ८९४ वर आलं. फॉर्म भरत राहिले आणि मुली कमी होत गेल्या. किडनी प्रत्यारोपणाचंही तसंच: समिती असते, नात्याचे पुरावे असतात, आणि खोटी बायको उभी केल्याची प्रकरणं तरीही निघतात.

संमतीचं आपल्याकडे काय होतं ते बघ. डॉक्टर रिपोर्ट घेऊन खोलीबाहेर येतो, मुलाला बाजूला घेतो, मुलगा म्हणतो ‘बाबांना सांगू नका’. कागदावर सही मुलाची, किंवा बाबांचा अंगठा. उपचाराचा खर्च शेत विकून, दागिने मोडून होत असतो, आणि वारस तेच. ज्या घरात रोग्याला त्याच्या रोगाचं नाव सांगितलेलं नाही, तिथे ‘रोग्याची स्वतंत्र इच्छा’ नोंदवायची कशी? हा मुलगा दुष्ट नसतो, बहुतेक वेळा तो थकलेला असतो. ‘मुलं मारून टाकतील’ असं भडकपणे बोलू नकोस. थकलेल्या माणसाच्या हातात असा कागद देऊ नये, एवढंच म्हण.

आजचा भारतीय कायदा अचूक सांग. इंजेक्शन देऊन मारणं गुन्हाच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने निरुपयोगी उपचार थांबवायला आणि आधी लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये रीत सोपी झाली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. पुढे वेळ आली तर रुग्णालयाचं पहिलं मंडळ, मग दुसरं मंडळ. दोन्हींत तीन-तीन डॉक्टर, आणि प्रत्येकाने साधारण ४८ तासांत मत द्यायचं. याला आपण विरोध करायची गरज नाही. अडचण एकाच ठिकाणी आहे: नळीतून दिलेलं अन्नपाणी. कॅथलिक शिकवण ते उपचार मानत नाही, शुश्रूषा मानते. शरीर पचवतंय तोवर ते द्यावं असं सांगते. न्यायालय ते उपचारात धरतं, आणि आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत दोन्ही मतं आहेत. हा प्रश्न कुणी विचारला तर तो कठीण आहे असं सरळ म्हण.

अरुणा शानबाग यांचं नाव निघेलच. परळच्या केईएम रुग्णालयातल्या त्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर अत्याचार झाला, मेंदूला कायमची इजा झाली, आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या. त्यांना मरू द्यावं हा अर्ज ७ मार्च २०११ ला फेटाळला गेला, कारण त्यांची काळजी घेणाऱ्या परिचारिकांना त्या हव्या होत्या. त्यांना स्वतःला काय हवं होतं हे कुणालाच कळू शकलं नाही, म्हणून त्यांच्या तोंडी काही घालू नकोस. पण एकेचाळीस वर्षं अंथरुणात राहिलेल्या शरीराची कातडी शाबूत ठेवणं म्हणजे काय, ते श्रोत्यांना दाखव: दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, माकडहाड, टाचा, खुबे रोज बघायचे, चादरीला सुरकुती नको, ओल नको, लाल डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल तर त्या जागेवर भार टाकायचा नाही आणि तिथे चोळायचंही नाही. शिफ्टमागून शिफ्ट परिचारिका हे करत राहिल्या.

आता पवित्र शास्त्र. ‘खून करू नको’ हे सगळ्यांना ठाऊक आहे. तू १ राजे १९ उघड. संदेष्टा एलीया रानात झुडपाखाली बसून म्हणतो, परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे. देव त्याला रागावत नाही, आणि मागितलेलं देतही नाही. तो त्याला झोपू देतो. मग दूत स्पर्श करून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन एलीया पुन्हा झोपतो, दूत पुन्हा उठवतो, आणि म्हणतो की वाट तुला झेपण्यासारखी नाही, खा. झोप, अन्न, पाणी, स्पर्श, आणि दुसरी फेरी. मरण मागणाऱ्याला देवाने काय दिलं याची ही यादी आहे, आणि उपशामक शुश्रूषेचा (रोग बरा होत नसताना दुखणं हलकं करणाऱ्या सेवेचा) कुठलाही वॉर्ड तिच्यावरच चालतो. शौल राजाला त्याच्याच विनंतीवरून ठार केल्याचं सांगणाऱ्या, आणि त्यासाठी दावीदाने मृत्युदंड दिलेल्या अमालेकी माणसाचा दाखला (२ शमुवेल १) लोक देतात. तो जपून वापर, कारण १ शमुवेल ३१ मध्ये शौल स्वतःच्या तलवारीवर पडतो, आणि तो माणूस बक्षिसासाठी खोटं बोलत असावा असं मानणारे पुष्कळ आहेत. ‘तुम्ही स्वतःचे नाही’ हे १ करिंथकरांस ६ मधलं वचन घे, पण स्तोत्र ७१ च्या सोबतीने: म्हातारपणी मला टाकू नको, शक्ती सरेल तेव्हा मला सोडू नको. तो धावा देवाला आहे, आणि त्याचं उत्तर मंडळीने आपल्या हातांनी द्यायचं असतं.

वधस्तंभावर ख्रिस्ताने दुखणं बधिर करणारा, बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारला, म्हणून गोळी नको, असं कुणी म्हणालं तर ठामपणे नाही म्हण. ते त्याचं खास अर्पण होतं. रोग्यावर ते लादायचा अधिकार कुणालाही नाही.

विनोबांचं नाव काढतील: १९८२ मध्ये पवनारला त्यांनी अन्नपाणी सोडलं. आदराने बोल. त्यांच्या निर्णयात कुठला डॉक्टर मारायला नेमलेला नव्हता, आणि सरकारने ठरवलेली पात्रताही नव्हती. आपला वाद कायद्याशी आहे.

शेवटी, आपल्याच माणसांचं काम सांग. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये आधुनिक हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रोग्यांची शुश्रूषा करणारं घर, उभं केलं, ते ख्रिस्ती श्रद्धेतून. वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं. होली क्रॉसच्या सिस्टर तिथे शुश्रूषा करतात. तुमच्या संघाला अशा ठिकाणी मदतीला जायचं असेल तर भाषणाआधी जा. तिथे तोंडाची काळजी शिकून घे: गिळणं थांबलेल्या माणसाला पाणी पाजायचं नाही, ते फुप्फुसात जातं, ओल्या कापसाने ओठ, हिरड्या, जीभ दर तासाने पुसायची, ओठांना थोडं व्हॅसलिन. घशात घरघर सुरू झाली की नातेवाईक घाबरतात, ‘सोडवा याला’ म्हणतात. रोग्याला कुशीवर वळव, उशी उंच कर, आणि सांग की ही लाळ आहे, तो बहुतेक करून शुद्धीत नाही. बाकी औषध डॉक्टर देईल.

मसुदा बुधवारपर्यंत पाठव. कॅनडाच्या तारखा मी एकदा पडताळून देते.

प्रभूत तुझी,
मावशी